पिवळी रेघ

४ फेब्रुवारी

मा. वर्कशॉप प्रमुख साहेबांस,

वाकून नमस्कार करणार होते, पण कंबर धरलीये. सहा दिवस पायी फिरतेय ना.

तुझ्या कंपनीचं पत्र काल मिळालं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी चिन्ह, खाली तुझी सही. ती मी लांबूनही ओळखेन. सहावीत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायला मीच तुला शिकवलं होतं, त्यातला शेवटचा फराटा अजून तसाच आहे. 'इंजिनातील बिघाड चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असल्याने वाढीव वॉरंटीखालील दावा नामंजूर करण्यात येत आहे.' चालक म्हणजे मी. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवणारी तुझी सख्खी बहीण.

हीच वॉरंटी विकताना तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? काचेच्या त्या केबिनमध्ये बसवलंस, स्वतःच्या हाताने चहा आणलास, फॉर्मही तूच भरलास. 'ड्रायव्हिंग स्कूलसाठी वापर' या चौकटीत खूण तूच केलीस. म्हणालास, ताई, इंजिन-गिअरबॉक्सचं पाच वर्षं टेन्शनच विसर, मी बसलोय ना इथे. चार वर्षांच्या अबोल्यानंतर आपण पहिल्यांदा धड बोललो होतो. मला वाटलं, चला, गाडीच्या निमित्ताने का होईना, भाऊ परत मिळाला. आता कळतंय, तुला गिऱ्हाईक मिळालं होतं.

त्या दिवशी काय झालं ते तुझ्या कागदात एका ओळीत उरकलंय, म्हणून सविस्तर लिहिते. स्टिअरिंगवर कॅशिअरबाई होत्या. वय चौपन्न, बँकेत नोकरी, नवरा गेल्यापासून त्यांची गाडी दाराशी धूळ खात उभी. दोनदा परीक्षेत नापास. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्या उड्डाणपुलाचा चढ स्वतःहून चढत होत्या, सेकंड गिअर, क्लच अगदी मोजून सोडलेला. मी माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर नुसता पाय टेकवून बसले होते. अर्ध्या चढावर इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. मी म्हटलं, बाजूला घ्या. त्या घेईपर्यंत एक दणका बसला आणि सगळं बंद. स्टिअरिंग दगड. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि बाई रडतायत की मी तुमची गाडी मोडली.

तुमचा तपासनीस लिहितो, ऑइलचा लाल दिवा अकरा मिनिटं पेटलेला होता, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद आहे, तरी चालकाने गाडी थांबवली नाही. मला दिवा दिसला नाही. आईची शपथ घेऊन सांगते, दिसला नाही. आणि दिवा का पेटला ते कुणी विचारलं का? सर्व्हिस होऊन नऊ दिवस झाले होते. तुझ्या वर्कशॉपमध्ये, तुझ्या देखरेखीखाली. नऊ दिवसांत ऑइल काय हवेत उडून गेलं?

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तुझ्या रिसेप्शनवरच्या मुलीने वाचावं, शिपायाने वाचावं, चहावाल्यानेही वाचावं. तू माझ्या पोटावर पाय दिलास, मी तुझी खुर्ची हलवल्याशिवाय राहणार नाही. एवढं सगळ्यांसमक्ष सांगितलेलं बरं.

तुझी निष्काळजी,
ताई


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन उचलत नाहीस, पत्राला उत्तर देत नाहीस, आणि कंपनीचा वकील मला कळवतो की यापुढे सर्व पत्रव्यवहार दावा विभागाशी करावा. ठीक आहे, केला. गेले आठ दिवस तुमच्या दावा विभागाचे उंबरठे झिजवले. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, सर्व्हिसचं पुस्तक आणा. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पुस्तक आहे पण मूळ पावती कुठे. पावती नेली तर ज्यांना दाखवायची ते साहेब रजेवर. आज साहेब भेटले. त्यांनी पावती उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, वर्कशॉप प्रमुखांचाच अहवाल तुमच्या विरोधात आहे, आम्ही काय करणार? सगळ्या वाटा फिरून तुझ्या दारात येतात.

वॉरंटीचं पुस्तक मी बसून अख्खं वाचलं. चौसष्ट पानं. काय काय मिळेल त्याची दीड पानं, बाकी साडेबासष्ट पानं काय मिळणार नाही याची. नुसती मालिश करून पैलवान म्हणवणाऱ्याने लिहिलेलं दिसतंय.

आता माझं काय चाललंय तेही ऐक, म्हणजे तुला झोप नीट लागेल. परवाना खात्याचा नियम तुला ठाऊक आहे. दोन ब्रेकची गाडी नव्वद दिवस रस्त्यावर नसेल तर स्कूलचा परवाना रद्द. पंधरा दिवस गेले. नवीन इंजिन पदरचं घालायची माझी ऐपत नाही, ते तर तूच जाणतोस. चौदा शिकाऊंपैकी नऊ जण चौकापलीकडच्या स्कूलकडे गेले. त्यांचा राग नाही, त्यांना परीक्षेच्या तारखा आहेत. कॅशिअरबाई मात्र हलायला तयार नाहीत. रोज संध्याकाळी येतात, माझ्यासमोर खुर्चीवर बसतात आणि हवेत गिअर टाकतात. बंद गाडीचे पैसे घ्या म्हणून मागे लागतात. मी रागावले की रिव्हर्स टाकतात.

आईचं म्हणशील तर, माझ्याकडे राहते, जीव तुझ्यात. पहिल्या पत्रात काय लिहिलंस म्हणून विचारलं, मी वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, 'आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई.' मी म्हटलं, दात किडला तर उपटावाच लागतो. जेवली नाही.

आणि त्या फलकाचं. दाबून ठेवून उपयोग नाही, काढतेच विषय. सर्व्हिसला गाडी घेऊन आले होते त्या दिवशी तुमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर मी तो पहिल्यांदा पाहिला. 'पिवळी रेघ नाही, तर गाडी बाहेर नाही.' खाली तुझा हसरा फोटो, कंपनीने तुला दिलेली ढाल, आणि 'आमच्या वर्कशॉप प्रमुखांची अभिनव कल्पना'. अभिनव! बाबा उभं आयुष्य प्रत्येक नट आवळून झाला की त्यावर ब्रशने पिवळी रेघ मारायचे, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आपल्याला ते दुकानात उभं करून विचारायचे, रेघ म्हणजे काय? आणि आपण ओरडायचो, रेघ मारली म्हणजे जबाबदारी घेतली. तू त्यांचं गॅरेज सोडून शोरूममध्ये गेलास ते त्यांनी गिळलं. तू गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी शटर ओढलं ते मी गिळलं. पण त्यांची रेघ स्वतःच्या नावावर लावून ढाल घेतोस? त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी तुला दोन शब्द बोलले ते त्यामुळे. दोनच बोलले.

पाकीट याही वेळी उघडंच आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

ढालवाल्या,

बसला आहेस ना? नसशील तर बस.

गाडी तुमच्या आवारातून मी ओढून आणली हे तुला कळलं असेलच. आवारात ठेवण्याचं भाडं मागायला लागले, म्हणून आणली. बाबांच्या हाताखाली काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी केली. त्यांची दृष्टी आता अधू आहे, पण बोटं शाबूत आहेत. खाली चटई टाकून ते गाडीखाली सरकले. मी बॅटरी धरून ओणवी. बोटांनी एकेक नट चाचपला. मग खालूनच म्हणाले, रेघा किती सर्व्हिसच्या? मी म्हटलं, तीन सर्व्हिस झाल्या, तीन हव्यात. म्हणाले, दोन आहेत.

मीही आडवी झाले आणि पाहिलं. ऑइल चेंबरच्या तळाचा नट, ज्यातून जुनं ऑइल सोडतात तो. चेंबरवर दोन अर्ध्या रेघा, पहिल्या सर्व्हिसची फिकट, दुसऱ्या सर्व्हिसची जरा गडद. तिसऱ्या सर्व्हिसची नाही. पुसलेली नाही, खरवडलेली नाही, मारलेलीच नाही. मिस्त्रींनी दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. दोन बोटांनी, धाकट्या. पाना लावावा लागला नाही. चेंबरला तेलाचा ओघळ, आणि त्यावर नऊ दिवसांची धूळ बसलेली.

म्हणजे तुझ्या माणसाने ऑइल बदललं, नट हाताने बसवला आणि पक्का आवळायचा राहून गेला. नऊ दिवस थेंब थेंब गळत राहिलं. शेवटची तपासणी तुझी असते. ती तू केलीच नाहीस. जॉबकार्डावर मात्र 'चेंबर नट आवळला, तपासला, रेघ मारली' या तिन्ही चौकटींत तुझ्या खुणा आहेत आणि खाली बाबांच्या फराट्याची सही.

मी जमिनीवर पडल्या पडल्या हसले. मिस्त्री म्हणाले, पोरी, हसू नकोस, त्याला एकदा विचार तरी. मी म्हटलं, विचारणार आहे ना, सगळ्यांसमोर विचारणार आहे.

काल ग्राहक तक्रार मंचात अर्ज दिला. कंपनीचं नाव पहिलं, तुझं दुसरं. सोबत नटाचे सात फोटो, जॉबकार्डाची प्रत, मिस्त्रींचा जबाब, आणि तुमच्या भिंतीवरच्या फलकाचा फोटो. तो कॅशिअरबाईंनी काढला, गाडी घ्यायच्या बहाण्याने आत जाऊन. दोन मॉडेलची माहिती घेऊन आल्या वर. तुमच्याच नियमाने तुमचा गळा आवळते की नाही बघ.

कंपनी काय करेल तेही सांगते. मोठी माणसं स्वतः बुडत नाहीत, जवळच्याला आधी सोडतात. तुला सोडतील. त्या दिवशी मी नवीन साडी नेसून येणार आहे.

ताई


९ मार्च

हे पत्र मी टपालात टाकणार नाहीये. बाबांच्या नटांच्या डब्यात ठेवणार आहे. पण लिहिल्याशिवाय आतली तगमग जाणार नाही.

पुठ्ठा होता.

तुला सांगायला नको कुठला. ऑइल फिल्टरच्या खोक्याचा, चारही कडांना काळी चिकटपट्टी लावलेला. आपल्याला शिकवताना बाबा तो डायलवर बसवायचे. म्हणायचे, नवशिक्या माणूस काट्यांकडे बघत बसतो आणि समोरच्याला धडकतो. वेग कानाने ओळखा, गिअर कानाने ओळखा. तुझ्या वेळी तुला इतकं टेन्शन आलं होतं की सिग्नलला उभा असताना तू तो काढून त्याचा कोपरा चावलास. दातांचे ठसे अजून आहेत. बावीस वर्षं मी तोच वापरतेय. भित्र्या शिकाऊसाठी पहिले काही धडे. त्या दिवशी कॅशिअरबाई वेगाच्या काट्यावरून नजर काढेनात म्हणून बसवला. चढाच्या आधी, अकरा नाही, चांगली वीस मिनिटं.

म्हणून दिवा दिसला नाही. शपथ खोटी नव्हती. पण खरीही नव्हती.

मी कानाने ओळखायला हवं होतं. तेवढ्यासाठी तर पुठ्ठा असतो. पण बाई गुणगुणत होत्या रे. पहिल्यांदा न घाबरता चालवत होत्या आणि गुणगुणत होत्या, आणि मी त्यांचं ऐकत बसले, इंजिनाचं नाही.

गाडी ओढून नेली त्या गडबडीत पुठ्ठा आतच राहिला. तुमच्याकडून गाडीतल्या सामानाची यादी आली, छत्री, शिकाऊंची वही, पाण्याची बाटली, माझा चष्मा. पुठ्ठा नाही. ओढणाऱ्या माणसाने फेकला असेल, झाडूवाल्याने नेला असेल. नाहीतर तुमच्या तपासनीसाच्या फाइलमध्ये असेल. तसं असेल तर माझं सगळं मुसळ केरात. एक पुठ्ठा समोर आला की कंपनी म्हणणार, नट सैल असेलही, पण दिवा यांनी झाकला, दिवा दिसला असता तर इंजिन वाचलं असतं. आणि तसं म्हणणं चुकीचंही नाही.

परवा तू आईला भेटायला आलास, मी परीक्षेच्या मैदानावर असताना. आई सांगत होती, तू पाणी प्यायलास, बाबांच्या फोटोखाली बसलास आणि गेलास. आईने विचारलं, तुझी नोकरी जाईल का रे? तू म्हणालास, बघू. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला. अर्धा तास झाला.

आणि दोनच शब्द बोलले असं लिहिलं होतं ते. दोन नव्हते. पाऊण तास बोलले. तू गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेला होतास, हातात बॅटरी, कानावर ब्रश खोवलेला. मी वरून हाका मारून तुला बाहेर काढलं आणि सगळ्या कामगारांसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, बापाला जिवंतपणी सोडलंस आणि मेल्यावर विकलंस. तू सरळ केबिनमध्ये गेलास. मी तावातावाने पार बाहेर जाऊन बसले. तासाभराने गाडी तयार म्हणून सांगितलं.

खड्ड्यात तू कुठल्या गाडीखाली होतास ते मी पाहिलं नव्हतं. आता रोज आठवायचा प्रयत्न करते.


२२ मार्च

भावा,

जिंकले.

तू तिथेच होतास म्हणा, आणि हेही पत्र बाबांच्या डब्यातच जाणार आहे, पण मला लिहायचंच आहे. तीन सदस्य, लांब टेबल, पंखा करकरणारा. मी नवीन साडी नेसले होते. तू निळ्या शर्टात, दाढी नीट न केलेला. आई माझ्या बाजूच्या बाकावर बसली आणि अख्खा वेळ तुझ्याकडे बघत राहिली.

मी नट टेबलावर ठेवला, प्लास्टिकच्या पिशवीत. फोटो दाखवले. फलकाचा फोटो अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचला तेव्हा मागे कुणीतरी हसलं. इतक्या दिवसांत मला एवढं बरं वाटलं नव्हतं. तुमचा वकील म्हणाला, रेघ पुसली गेली असेल. अध्यक्षबाईंनी थेट तुला विचारलं. तू उठून उभा राहिलास. मला वाटलं होतं खोटं बोलशील, मी त्याचीच वाट बघत होते, माझे पुढचे चार प्रश्न तयार होते. तू म्हणालास, 'रेघ नाही म्हणजे मी नट बघितला नाही. सही माझी आहे. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.'

त्यांनी विचारलं, का नव्हतं? तू म्हणालास, कारण काही नाही.

मी खाली बघितलं. कारण समोर नवीन साडी नेसून उभं होतं.

मग वकिलाने शेवटचा फासा टाकला. दिवा अकरा मिनिटं पेटला होता, अनुभवी शिक्षिकेला तो दिसला कसा नाही? आणि तुझ्याकडे वळून म्हणाला, गाडी आवारात आली तेव्हा सगळ्यात आधी तुम्हीच पाहिलीत. डायलसमोर काही आड आलेलं होतं का? कापड, कागद, काही? मनात म्हटलं, आला तो क्षण. माझे शिकाऊ सोडले तर पुठ्ठ्याची सवय आपल्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. एक शब्द बोलला असतास तरी माझं घोडं तिथेच अडलं असतं. तू वकिलाकडे बघत म्हणालास, 'नाही. तसं काही नव्हतं.'

वाटलं, चला, ओढणाऱ्यानेच फेकला, याला पत्ताच नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. नवीन इंजिन कंपनीने बसवून द्यायचं, पंचेचाळीस दिवसांत. संध्याकाळपर्यंत ऐकलं की तुला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. फलकही उतरवला म्हणे. बोलल्याप्रमाणे खुर्ची हलवली की नाही? करावं तसं भरावं.

आई घरी आल्यापासून पाठ करून बसलीये. कॅशिअरबाई पेढे घेऊन आल्या होत्या, त्यांना मी सांगितलं, उद्या या, आज डोकं दुखतंय.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

इंजिन बसलं. कंपनीने ते मिस्त्रींच्या शेडमध्ये पाठवलं, मिस्त्रींनी तीन दिवस घालून बसवलं. परवा गाडी रस्त्यावर आणली. परवाना वाचला, वीस दिवस हातात राखून. कॅशिअरबाई उड्डाणपूल एका दमात चढल्या आणि पलीकडे उतरून गाडी कडेला घेऊन रडल्या. या वेळी आनंदाने. पुठ्ठा नव्हता, त्यामुळे दर दहा सेकंदांनी काट्याकडे बघत होत्या. बघू दिलं.

घरी आले तर तुझं पाकीट आलेलं. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं, पत्ता तुझ्या अक्षरात. आईने ते टेबलावर ठेवलं आणि स्वतः आत गेली. मला वाटलं शिव्या असतील. म्हटलं, बरं झालं, एकदाचा तोंड उघडतोय.

आत पुठ्ठा होता.

चिठ्ठी नाही, काही नाही. मी उलटा केला. मागे तुझ्या जॉबकार्डाच्या अक्षरात, पेनने: '२९ जानेवारी, दुपारी सव्वाचार. डायलवर लावलेला. तपासनीस येण्यापूर्वी मी काढला.' आणि खाली बाबांच्या फराट्याची सही.

कोपरा बघितला. तुझे दात होते.

म्हणजे गाडी आवारात आली त्याच दुपारी तू तो काढून घेतलास. दोन महिने तो तुझ्याजवळ होता. मी उघड्या पाकिटातून तुझी लक्तरं काढत होते तेव्हा तो तुझ्या खणात होता. मंचासमोर मी तुझा नट पिशवीतून काढला तेव्हाही तुझ्याकडे असणार, खिशात नाहीतर घरी. नुसता टेबलावर ठेवला असतास तर कंपनी सुटली असती, तू सुटला असतास, आणि मी बुडाले असते. नामंजुरीवर सही केलीस ती स्वतःची मान वाचवायला, ते मी विसरणार नाही. पण त्याच मानेवर तू शेवटी सुरी घेतलीस आणि मला नाचू दिलंस.

मला फार राग आलाय. आधीपेक्षा जास्त. लहानपणी कॅरम खेळताना मी सोंगटी बोटाने सरकवायचे आणि तुला दिसलेलं असूनही तू गप्प बसायचास, आणि मला वाटायचं मी जिंकले. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच केलंस. मला तुला हरवायचं होतं रे, खरोखर, समोरासमोर. उपकार माझ्या मानगुटीवर बसवून तू मोकळा होणार असशील तर ते मला चालणार नाही.

म्हणून या पाकिटात पुठ्ठा परत पाठवतेय. सोबत ९ मार्चचं एक पत्र आहे, तेव्हा न पाठवलेलं. माझ्या अक्षरात, माझ्या हातचं. वाच. पुठ्ठ्याचं सगळं त्यात कबूल केलंय, आणि त्या दिवशी तुला खड्ड्यातून कुणी बाहेर काढलं तेही. अपिलाची मुदत अजून दहा दिवस आहे. दोन्ही कागद घेऊन कंपनीकडे जा. नोकरी परत देतील, ढालही देतील. मला बोलावलं तर मी मंचासमोर येऊन खरं तेच सांगेन, जुनी साडी नेसून. इंजिन काढून न्यायला आले तर गाडीची किल्ली माझ्या हाताने देईन. हे मी आईला सांगितलं. ती दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशेजारी बसून जेवली.

आणि नाही गेलास, तर दहा दिवस झाल्यावर मिस्त्रींच्या शेडमध्ये ये. ब्रश आणि पिवळ्या रंगाची डबी घेऊन ये, त्यांच्याकडची सुकलीये. चेंबरचा नट त्यांनी आवळलाय, मी स्वतः पाना लावून बघितलाय, हलत नाही. ते नवी डबी आणून रेघ मारायला निघाले होते, मी हात धरला.

या वेळी पाकीट नीट चिकटवलंय.

ताई